दूरचे टिपायचे की अंधारातले?

१९६८ च्या सुमाराची गोष्ट. कलकत्त्यातल्या एका टॅक्सीत कुणीतरी आपला कॅमेरा विसरून गेले. तो ज्याच्या हाती लागला, त्याच्याकडून निमाई घोष नावाच्या एका नाट्यकलावंताला थोडे पैसे येणे होते. उधारी फिटली असे समजायचे आणि कॅमेरा घोषबाबूंनी ठेवून घ्यायचा, असा सौदा ठरला. तोवर घोषबाबूंचा छायाचित्रणाशी फारसा संबंध आलेला नव्हता. पुढे थोड्याच दिवसांत ते बीरभूम जिल्ह्यातल्या रामपूरहाटला गेले. तेथे सत्यजित राय ‘गुपी गाईन बाघा बाईन’ या चित्रपटाच्या कामात गुंतले होते. घोषबाबूंनी काढलेले फोटो रायांच्या नजरेस पडले. आपण स्वतः निवडले असते नेमके तेच कोन या माणसाने निवडले आहेत, असा अभिप्राय रायांनी दिला. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे, राय यांच्या अखेरच्या चित्रपटापर्यंत, घोषबाबू त्यांच्या सावलीसारखे वावरले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे हजारो निगेटिव्हज होत्या.

ही हकिगत ऐकून बहुतेक जण म्हणतात, ‘‘पाहा, कॅमेरा कोणताही चालतो, नजर हवी!’’ नजर हवी, हे खरेच. पण कॅमेरा कोणताही चालतो, हे मात्र अर्धेच खरे. टॅक्सीतला तो कॅमेरा होता कॅननचा ‘कॅनोनेट क्यूएल १७’. आकाराने लहान, लेन्स एकच, तीही न बदलता येणारी. झूम अजिबात नाही. मात्र नावातला ‘१७’ हा आकडा महत्त्वाचा. लेन्सचे छिद्र एफ/१.७ पर्यंत उघडत असे. म्हणजे थोड्याशा उजेडातही तिला पुरेसा प्रकाश मिळे. आणि आत ३५ मिलिमीटरची फिल्म, जिची प्रत्येक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. घोषबाबू फ्लॅश वापरत नसत. स्टुडिओत, व्हरांड्यात, खोलीच्या कोपऱ्यात जेवढा उजेड असेल तेवढ्यातच, माणसांच्या जवळ राहून ते काम करीत. त्या कामाला नेमका जो कॅमेरा हवा होता, तोच योगायोगाने त्यांच्या हाती आला होता!

कॅमेरा घ्यायला निघालेल्या आजच्या कुटुंबाला ही गोष्ट फार उपयोगाची आहे. लहान घ्यावा की मोठा, स्वस्त घ्यावा की महाग, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे. खरा प्रश्न असा की, आपल्याला दूरचे टिपायचे आहे की अंधारातले?

घरोघरचा वाद

दक्षिण कोलकात्यात हाजरा रोडवर ‘महाराष्ट्र निवास’ आहे. त्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करू. वडील निवृत्तीला आलेले. त्यांना पक्ष्यांचा नाद. मुलगी कलाशाखेत शिकणारी. तिला कुमारटुलीतल्या मूर्तिकारांचे फोटो काढायचे आहेत. घरात आई आहे आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आजी आहे. पूजेच्या आधी कॅमेरा घ्यायचा ठरले आहे. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते आहेत.

‘‘चाळीसपट झूम आहे! शिवाय कोटाच्या खिशात मावतो,’’ बाबा म्हणतात.

‘‘पण बाबा, त्याचा सेन्सर बघितलात का? करंगळीच्या नखापेक्षा लहान! घ्यायचा तर फुल फ्रेम डीएसएलआर घेऊ,’’ मुलगी म्हणते.

‘‘आणि आधीचा कॅमेरा कपाटात पडलाय, त्याचं काय करायचं?’’ आई विचारते.

तिघांचेही बरोबर आहे. बाबा दूरच्या फोटोंबद्दल बोलत आहेत, मुलगी अंधारातल्या फोटोंबद्दल बोलत आहे, आणि आई कधीच न काढलेल्या फोटोंबद्दल! ते वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत, हे लक्षात येईपर्यंत हा वाद मिटणार नाही.

नखाएवढी चौकट आणि मोठी चौकट

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे, आता तिच्या जागी सेन्सर असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्याच्यावर पडतो आणि चित्र तयार होते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढाच, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर ज्या कॅमेऱ्यात असतो त्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरते. डीएसएलआर म्हणजे ज्याच्या आत आरसा असतो आणि ज्याची लेन्स बदलता येते, असा डिजिटल कॅमेरा.

खिशात मावणाऱ्या सुपरझूम कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ अवघे २८ चौरस मिलिमीटर. म्हणजे मोठ्याचा सुमारे तिसावा हिस्सा. पावसात एक परात आणि एक वाटी शेजारी शेजारी ठेवावी, तसा हा प्रकार. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत जास्त जमते.

मग कंपन्या एवढा लहान सेन्सर का वापरतात? कारण त्यामुळेच झूम शक्य होते. सेन्सर लहान असला की तेवढेच दूरचे दृश्य आखूड लेन्सनेही चौकटीत भरते. कॅननच्या ‘पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस’ या २०१८ च्या कॅमेऱ्याचे वजन ३०० ग्रॅमच्या आत आहे आणि त्याची लेन्स जुन्या हिशेबाने २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जाते. फुल फ्रेमवर एवढ्या पल्ल्याची लेन्स लावायची, तर ती खिशात काय, खांद्यावरही जड होईल. थोडक्यात, खिशातल्या कॅमेऱ्याने प्रकाश देऊन पल्ला विकत घेतला आहे. घोषबाबूंच्या कॅमेऱ्याचा सौदा याच्या उलट होता. त्याने पल्ला सोडला होता आणि लहान आकारातही पूर्ण चौकट राखली होती.

येथे ‘चाळीसपट’ या शब्दाचाही खुलासा करायला हवा. वस्तू चाळीसपट मोठी दिसते, असा त्याचा अर्थ नाही. लेन्सचा सर्वांत दूरचा आकडा हा सर्वांत जवळच्या आकड्याच्या चाळीसपट आहे, एवढेच तो शब्द सांगतो. म्हणून खोक्यावरचे ‘पट’ पाहण्यापेक्षा मिलिमीटरचे आकडे पाहावेत. आणि ‘डिजिटल झूम’ असे लिहिले असेल, तर तिकडे सरळ दुर्लक्ष करावे. ते चित्राचा मधला भाग कापून मोठा करून दाखवणे असते.

पाण्यापलीकडची बदके

आता बाबांची बाजू पाहू. हावडा जिल्ह्यात सांत्रागाछी रेल्वे स्थानकाजवळ एक मोठी झील आहे. हिवाळ्यात तेथे बदकांचे थवे उतरतात. त्यांत आपण ज्यांना अडई म्हणतो ती बदके मोठ्या संख्येने असतात. अडई लांबीला साधारण ४० सेंटिमीटर. काठावर उभे राहून शंभर मीटरवरच्या अडईचा फोटो काढायचा आहे, असे समजू.

९६० मिलिमीटरच्या पल्ल्यावर शंभर मीटर अंतरावरची पावणेचार मीटर रुंदीची पट्टी चौकटीत मावते. म्हणजे एक अडई चौकटीच्या रुंदीचा सुमारे नववा भाग व्यापील. डोळा, चोच, पिसांचा रंग ओळखू येईल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर नेहमी वापरली जाणारी २४ ते १०५ मिलिमीटरची लेन्स असेल, तर तेवढ्याच अंतरावर चौतीस मीटरची पट्टी चौकटीत येईल आणि अडई तिचा पंच्याऐंशीवा भाग व्यापील. पाण्यावरचा एक ठिपका! कॅमेऱ्याची किंमत कितीही असो, त्या ठिपक्याचा पक्षी होणार नाही.

फुल फ्रेमवर १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स लावता येते. तिने काढलेला फोटो खिशातल्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा पुष्कळच चांगला येईल. पण अशा एकेका लेन्सचे वजन दोन किलोच्या घरात असते, आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

सुंदरबनात तर हा फरक आणखी जाणवतो. तेथे पर्यटकाला बोटीतूनच जंगल पाहायचे असते. ठरावीक ठिकाणे सोडली तर काठावर उतरता येत नाही. चिखलावर पहुडलेली मगर, किनाऱ्यावरचे हरीण, खंड्या पक्षी, जे दिसेल ते दुरूनच. पुढे सरकून जवळ जाण्याची सोय नाही. तिथे झूम हेच आपले पाय!

मात्र एक पथ्य पाळायला हवे. पल्ला जितका लांब, तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. ९६० मिलिमीटरवर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावा, असा जुना नियम सांगतो. आजचे कॅमेरे हाताचा कंप बऱ्याच अंशी सावरून घेतात. पण पक्ष्याची हालचाल ते सावरू शकत नाहीत. म्हणून स्वच्छ उन्हात सुपरझूम हा गुणी कॅमेरा असतो, आणि ऊन उतरले की तो हतबल होतो.

मंडपातला उजेड

आता मुलीची बाजू. कुमारटुली म्हणजे उत्तर कोलकात्यातली मूर्तिकारांची वस्ती. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना मूर्तींनी भरलेल्या अंधाऱ्या शेड. पिवळ्या दिव्याखाली कारागीर देवीच्या चेहऱ्यावर कुंचला टेकवतो. डोळे रेखाटण्याचे हे काम परंपरेने महालयाच्या दिवसाशी जोडलेले आहे. आपण त्याच्यापासून फार तर दोन-तीन मीटरवर असतो. येथे झूमचे काही काम नाही; येथे प्रश्न उजेडाचा आहे. फ्लॅश मारला तर दिव्याचा पिवळा प्रकाश मरतो, मूर्तीचा चेहरा सपाट दिसतो, आणि काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर झगमगाट होतो तो वेगळाच.

फुल फ्रेम कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची एफ/१.८ ची साधी लेन्स लावली, तर काय होते? तिचे छिद्र खिशातल्या कॅमेऱ्याच्या एफ/३.३ च्या तुलनेत सव्वातीनपटीहून अधिक प्रकाश आत सोडते. सेन्सरही तीसपट मोठा. दोन्ही मिळून, तेवढ्याच वेळात मोठा कॅमेरा सुमारे शंभरपट प्रकाश गोळा करतो. म्हणून त्याच्या फोटोत कारागिराचा हात स्पष्ट येतो, आणि लहान कॅमेऱ्याच्या फोटोत त्याच हाताचा धूर झालेला असतो, किंवा सगळ्या चित्रावर रवाळ ठिपके पसरलेले असतात. विशेष म्हणजे ही ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमच्या लेन्सांमध्ये सर्वांत स्वस्त आणि हलकी समजली जाते.

पूजेच्या रात्री मंडपात, घरातल्या गणपतीच्या आरतीत, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांपुढे, लग्नातल्या सीमांतपूजनात हीच अडचण असते. माणसे हलत असतात आणि उजेड कमी असतो. आपल्या घरगुती आनंदाचे बहुतेक प्रसंग दिवेलागणीनंतरच घडतात, हे कॅमेरा घेताना हमखास विसरले जाते.

मोठ्या कॅमेऱ्याचा एक दोषही सांगायला हवा. छिद्र पूर्ण उघडले की ज्या चेहऱ्यावर नेम धरला तेवढाच स्पष्ट येतो. मागचे-पुढचे चेहरे अस्पष्ट होतात. एकट्या आजीच्या फोटोला ते शोभून दिसते. पण तीन रांगांच्या कौटुंबिक फोटोत मागच्या रांगेतले काका धूसर आले, तर ते वर्षभर बोलून दाखवतात!

दूरचेही आणि अंधारातलेही

काही प्रसंग दोन्ही बाजूंनी कठीण असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी रंगमंचावर नाचते आहे आणि आई-वडील पंधराव्या रांगेत बसले आहेत. अंतर आहे आणि अंधारही आहे. खिशातला कॅमेरा झूम करू लागला की त्याचे छिद्र लहान होत जाते. पूर्ण पल्ल्यावर ते एफ/६.९ वर येते. म्हणजे जिथे प्रकाश सर्वांत जास्त हवा, तिथेच तो सर्वांत कमी मिळतो. मोठ्या कॅमेऱ्याला या कामासाठी ७० ते २०० मिलिमीटरची एफ/२.८ ची लेन्स लागते. तिचे वजन दीड किलोच्या आसपास आणि किंमत अनेकदा कॅमेऱ्याइतकी, कधी त्याहून जास्त.

वर्षातून एकदा येणाऱ्या अशा प्रसंगासाठी एवढा खर्च करणे शहाणपणाचे नाही. त्यापेक्षा अर्धा तास आधी पोचून पहिल्या रांगेत बसावे. लेन्सपेक्षा खुर्ची स्वस्त पडते!

फोन आहेच की!

आजच्या घरात एक कॅमेरा आधीपासूनच असतो, तो म्हणजे मोबाइल फोन. उन्हातली सहल, जेवणाची पंगत, रस्त्यावरची ट्राम, अशा जवळच्या आणि उजेडातल्या फोटोंसाठी तो पुरेसा आहे. चार बाय सहा इंचांची प्रत काढायला वीस लाख पिक्सल, म्हणजे दोन मेगापिक्सल पुरतात. फोनकडे त्याच्या कितीतरी पट असतात. रात्रीच्या वेळी फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो. त्यामुळे स्थिर वस्तू छान येतात. पण धुनुची घेऊन नाचणारे हात या बेरजेत पुसट होतात.

तेव्हा नवा कॅमेरा घेताना एकच कसोटी लावावी. जे फोनला जमत नाही, ते याला जमेल का? फोन दूर पोचत नसेल तर सुपरझूम घ्यावा. फोन अंधारात अडत असेल तर मोठा सेन्सर घ्यावा. फोन कुठेच अडत नसेल, तर पैसे बँकेत ठेवून त्या फोटोंच्या प्रती काढून अल्बम करावा.

वजन आणि दमट हवा

फुल फ्रेम कॅमेरा आणि त्याची नेहमीची झूम लेन्स मिळून दीड किलोच्या आसपास भरतात. दुकानात पाच मिनिटे हातात धरताना ते जाणवत नाही. पूजेच्या गर्दीत चार तास गळ्यात अडकवून चालल्यावर जाणवते. दुसऱ्या वर्षी तो घरीच राहतो, तिसऱ्या वर्षी कपाटात जातो. घरातल्या किती जणांना तो उचलावासा वाटेल, याचा विचार आधी करावा. उलट ‘सुपरझूम’ म्हटले की तो लहानच असेल, असेही समजू नये. निकॉनचा २०१८ चा ‘कूलपिक्स पी १०००’ ३००० मिलिमीटरपर्यंत पोचतो खरा, पण त्याचे वजन १४०० ग्रॅमहून थोडे अधिकच आहे.

कोलकात्यासारख्या दमट शहरात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे बुरशी. लेन्सच्या आतल्या काचांवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांनाही तिची ओळख असेल. कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला की ती हमखास धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात किंवा वाळवून घ्याव्यात. थंड वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा थोडा वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा. नाही तर काचेवर दव धरते. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वरचेवर बाहेर काढून वापरणे!

डीएसएलआर आज घ्यावा का?

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा फुल फ्रेम डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. त्यांचा भर आता आरसा नसलेल्या, म्हणजे ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांवर आहे. सेन्सर तोच, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. म्हणून उजेडाचा वर सांगितलेला हिशेब दोन्हींना सारखाच लागू पडतो.

या बदलाचा कुटुंबाला एक फायदा झाला आहे. हौशी लोक नवे कॅमेरे घेताना जुने डीएसएलआर विकून टाकतात. कॅननचा ‘६डी’ (२०१२) किंवा निकॉनचा ‘डी ७५०’ (२०१४) यांसारखे फुल फ्रेम कॅमेरे त्यामुळे आवाक्यात आले आहेत, आणि घरगुती फोटोंसाठी ते आजही उत्तम आहेत. कोलकात्यात चौरंगीवर मेट्रो सिनेमाच्या बाजूची ‘मेट्रो गली’ कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र कोणत्याही शहरात जुना कॅमेरा घेताना पुढील गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लेन्स उजेडाकडे धरून आत पाहावे. धाग्यांचे जाळे दिसले तर ती बुरशी समजावी. शटर आजवर किती वेळा उघडले, तो आकडा विचारावा. ‘डी ७५०’ चे शटर दीड लाख वेळांच्या हिशेबाने पारखलेले आहे. छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा; काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. बॅटरी आणि चार्जर मूळ कंपनीचे आहेत का, ते पाहावे. बिलावर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा. दुरुस्ती कुठे होते आणि त्याचे सुटे भाग मिळतात का, हे आधीच विचारावे.

घरी येऊन जमाखर्च मांडताना कॅमेऱ्याच्या किमतीत लेन्स, कार्ड, जादा बॅटरी आणि डब्याचा खर्चही धरावा. सुपरझूममध्ये लेन्स किमतीतच येते. मोठ्या कॅमेऱ्यात खर्चाला तिथून सुरुवात होते.

हुकलेल्या फोटोंची यादी

आता त्या हाजरा रोडवरच्या कुटुंबाकडे वळू. त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी एक काम करावे. प्रत्येकाने एका कागदावर गेल्या वर्षभरात हुकलेले दहा फोटो लिहावेत. काढायचा राहिला, हलला, काळा आला, फार लांबचा आला, असे जे जे असेल ते. प्रत्येकापुढे ‘दूर’, ‘अंधार’ किंवा ‘कॅमेरा जवळ नव्हता’ यांपैकी एक कारण लिहावे. मग सगळ्या याद्या एकत्र करून कारणे मोजावीत. जाहिरातीपेक्षा हा कागद अधिक खरे बोलतो.

समजा, बाबांच्या यादीत अडई आणि खंड्या आले, पुढे ‘दूर’. मुलीच्या यादीत कुमारटुली, मंडप, ढाक वाजवणाऱ्यांचे हात, पुढे ‘अंधार’. आईच्या यादीत गौरीची आरास, संध्याकाळची आरती, स्वयंपाकघरात लाडू वळणारी माणसे. पुढे पुन्हा ‘अंधार’. या घराचा कौल स्पष्ट आहे. एक जुना पण चांगला फुल फ्रेम कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एक लेन्स घ्यावी. बाबांच्या बदकांसाठी जानेवारीतल्या एक-दोन रविवारी लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने आणावी. मोठ्या शहरांत तशी सोय असते. शेजारच्या घरात पक्षी पाहणारे दोघे असतील आणि रात्रीचे फोटो फोननेच भागत असतील, तर त्यांनी निःशंक सुपरझूम घ्यावा. मुले दिवसा मैदानावर खेळत असतील तरीही तोच घ्यावा. खरेदीपूर्वी दोन्ही कॅमेरे एकेक दिवस भाड्याने वापरून पाहता आले, तर फारच उत्तम.

पण या याद्यांत आणखी एक गोष्ट दिसेल. आजीचे नाव तिन्ही याद्यांत आहे. आणि तिच्या फोटोंपुढे ‘दूर’ही नाही आणि ‘अंधार’ही नाही. दुपारी ती खिडकीपाशी बसून वाती वळते. तेथे उजेड भरपूर असतो आणि ती हाताच्या अंतरावर असते. तो फोटो घरातल्या फोनने सहज आला असता. कॅमेरा घेतल्यावर काढू, असे म्हणत तो राहून गेला आहे. अडई पुढच्या हिवाळ्यात परत येतील, देवी पुढच्या शरदात परत येईल. चौऱ्याऐंशीव्या वर्षीची आजी पुढच्या वर्षी मिळेलच, असे नाही.

काढल्यानंतरचे काम

कोलकात्यात एस्प्लनेडजवळ ‘बोर्न अँड शेफर्ड’ हा एकोणिसाव्या शतकातला प्रसिद्ध स्टुडिओ होता. पिढ्यान्‌पिढ्यांनी तेथे आपली चित्रे काढून घेतली होती. १९९१ मध्ये तेथे आग लागली आणि जुन्या संग्रहाचा मोठा भाग जळून गेला. २०१६ मध्ये स्टुडिओही बंद झाला. काचेवरच्या आणि कागदावरच्या प्रती आगीत गेल्या. आपले फोटो एखादा बिघडलेला फोन घेऊन जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या पैशांतून थोडे बाजूला काढावेत. सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती नातेवाइकांच्या घरी ठेवावी, आणि वर्षातल्या निवडक पन्नास फोटोंच्या कागदी प्रती काढून त्यांच्या मागे नाव व तारीख लिहावी.

कॅमेरा निवडण्याचे काम पूजेपर्यंत सावकाश चालू द्यावे. त्याची घाई नाही. मात्र आज दुपारी आजी वाती वळायला बसली, की घरात जो कॅमेरा असेल तो घेऊन तिच्यासमोर बसावे. खिडकी तिच्या बाजूला येऊ द्यावी, फ्लॅश बंद ठेवावा आणि तिला बोलते करावे.